इंजिन नवं बांधलंय, तरी ऑइल प्रेशर पडतंय? पंप बदलण्याआधी हे तपासा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक काम करा. गाडी वीसेक किलोमीटर फिरवून इंजिन पुरतं गरम करा आणि ऑइलचा काटा नेमका कधी खाली येतो ते कागदावर लिहा. काटा कसा पडतो त्यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं.

- थंड इंजिनाला प्रेशर छान, गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) जवळजवळ काहीच नाही.
- थंड असो की गरम, प्रेशर कायमच कमी.
- आयडलला ठीक, पण ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवला की पडतं.
- वळणावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर पडतं, सरळ रस्त्याला परत येतं.
- काटा एका जागी राहत नाही, थरथरतो.
- सकाळी सुरू केल्यावर चार-पाच सेकंद शून्य, मग नीट.
- लाल दिवा पेटतो, पण इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक नाही.
- काटा शून्यावर आणि खालून ठोका ऐकू येतोय.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी इंजिन बंद करा. गराजपर्यंत हळूहळू चालवत नेतो म्हणू नका, टोइंगवाल्याला बोलवा. त्या दोन-तीन किलोमीटरमध्ये क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) कायमची जाते.

माझं गराज गोव्यात, डिचोलीला. काम मुख्यतः जुन्या ॲम्बेसेडरचं (१४८९ सीसीचं, मूळ मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेलं बी-सिरीज इंजिन), त्याखालोखाल १०८९ सीसीच्या पद्मिनी, आणि कधीमधी पोर्तुगीज अमदानीत आयात झालेली एखादी गाडी, जी कुणाच्या तरी आजोबांनी भाटातल्या (नारळाच्या बागेतल्या) शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली असते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) महिनाभर आधी सगळ्यांना गाडी हवी असते. त्या घाईत कुठे ना कुठे इंजिन बांधलं जातं आणि चवथ झाली की माझा फोन वाजतो: "मिस्त्री, इंजिन नवं केलंय, पण चोर्ला घाट चढून आलो आणि दिवा मिणमिणायला लागला. पंप गेला वाटतं."

पंप बहुतेक वेळा गेलेला नसतो.

पंप प्रेशर तयार करत नाही

कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी लावणाऱ्याला हे लगेच पटेल. पाइप धड असला तर शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी जोरात पोचतं. तोच पाइप मध्ये चार ठिकाणी फाटला की शेवटच्या पोफळीला ठिबकतं. मोटर तीच, पाणी तेवढंच. ऑइल पंपही फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते ऑइलला बाहेर पडायला वाट अरुंद असते म्हणून, आणि ती वाट म्हणजे क्रँक आणि तिच्याभोवती बसणारे बेअरिंगचे शेल (अर्धगोल पत्रे) यांच्यामधली फट. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या हिशेबाने वाढते. केसाएवढ्या चुकीने काटा का पडतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून जुन्या, झिजलेल्या इंजिनात "कुठे झिजलं?" असं विचारायचं. नव्या बांधलेल्या इंजिनात विचारायचं "बांधताना काय राहिलं?"

दांडी आणि नाक

गाडी सपाट जागी लावा. माझ्याच अंगणाला उतार आहे, त्यामुळे ऑइलची दांडी तपासायला मी गाडी रस्त्यावर काढतो. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या. पातळी कमी असेल तर वळणावर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वळणावर प्रेशर पडण्याचं पहिलं कारण हेच. पातळी फार वर असेल तरी वाईट. क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो आणि पंप फेस ढकलत बसतो.

आता दांडी नाकाला लावा. पेट्रोलचा वास येतो का? या इंजिनांचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, मेकॅनिकल. त्याचा रबरी डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. पातळी न घालता वाढलेली दिसते आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. इंजिन बांधताना पेट्रोल पंप "चालतोय ना" म्हणून तसाच परत बसवलेला असतो. डायफ्रॅमच्या किटचा खर्च अगदी किरकोळ. डायफ्रॅम बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा. आणि पेट्रोलचा वास येत असताना गाडी चालवू नका. ऑइल पातळ झाल्याने बेअरिंग खराब होतात, शिवाय आगीचा धोका असतो.

कोणतं ऑइल घातलंय?

मुलाच्या नव्या गाडीचं उरलेलं ५डब्ल्यू-३० ॲम्बेसेडरमध्ये ओतणारे लोक मी पाहिलेत. "महाग आहे मिस्त्री, चांगलंच असणार." ऑइल चांगलंच आहे, पण नव्या गाडीतल्या बारीक फटींसाठी. जुन्या इंजिनाला आमच्या हवेत २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल घाला.

पण उलट्या बाजूने फसवणूक करू नका. प्रेशर कमी आहे म्हणून आणखी दाट ऑइल किंवा डब्यातलं घट्ट ॲडिटिव्ह ओतलं की काटा वर येतो आणि गाडी विकायला सोपी जाते. फट मात्र तेवढीच राहते. सकाळी थंड इंजिनात ते दाट ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लागतो तो वेगळाच. २०डब्ल्यू-५० घालूनही प्रेशर येत नसेल, तर दोष ऑइलचा नाही.

काट्यावर विश्वास ठेवायचा का?

ही पायरी बहुतेक जण वगळतात. तिथून पुढचे सगळे पैसे वाया जातात.

दिवा असेल तर ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढा आणि इग्निशन ऑन करा. वायर मोकळी असताना दिवा विझला पाहिजे. तरी पेटलेला राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, इंजिनाचा काही संबंध नाही. समुद्राकाठच्या गावातल्या गाड्यांत टर्मिनल हिरवी पडलेली असतात आणि वायरचं रबर हाताला लागताच तुटतं. इलेक्ट्रिक गेज असेल तर अर्थिंग (बॉडीशी विजेचा जोड) नीट आहे का ते बघा. सेंडरला (प्रेशर गेजला कळवणाऱ्या भागाला) अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं. गळू नये म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारले की गेज मनाला येईल तो आकडा दाखवतो.

मग खरी मोजणी. स्विच काढून त्या भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज लावा. आटे जुळतात की नाही ते हाताने फिरवून बघा, पान्याने जबरदस्ती केली तर ब्लॉकचे आटे जातील. गेज विकत घ्या किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून अर्ध्या दिवसासाठी मागून आणा. काही गेज किलोमध्ये असतात: १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे सुमारे १४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). आयडलला, दोन हजार आरपीएमला आणि तीन हजारला, असे तीन आकडे गरम इंजिनावर घ्या आणि लिहून ठेवा.

जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएममागे १० पीएसआय मिळालं तर इंजिन चालवण्याजोगं आहे. नव्या बांधलेल्या बी-सिरीजकडून माझी अपेक्षा जास्त असते: रस्त्यावर धावताना ४० ते ५०, गरम आयडलला १५ च्या आसपास. आयडलला १० दाखवलं म्हणून मी इंजिन उघडणार नाही. ५ दाखवलं तर उघडेन. दुसऱ्या इंजिनाला हे आकडे लावू नका, त्याचं मॅन्युअल बघा.

गेज लावलेलाच असताना टॅपेट कव्हर काढा आणि इंजिन आयडलला ठेवा. रॉकर शाफ्टवर (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्यावर) ऑइल पाझरायला हवं. एखाद्या रॉकरखालून धार लागली असेल, किंवा शाफ्टच्या टोकाचा प्लग बसवायचा राहिला असेल, तर गळतीची एक जागा फुकटात सापडली. इंजिन बांधताना हेड नवं होतं, बोअर नवं होतं, पण रॉकर शाफ्ट पुसून तोच परत बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

फिल्टर

सकाळी काही सेकंद शून्य आणि मग ठीक, असं असेल तर आधी फिल्टर बघा. स्क्रू करून बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल परत उतरू नये म्हणून एक रबरी झडप असते. अगदी स्वस्त फिल्टरमध्ये ती नसते किंवा कडक झालेली असते, मग रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. डब्यात एलिमेंट घालायचा जुना प्रकार असेल तर डब्याच्या खाचेतली जुनी रबर रिंग काढून मगच नवी बसवा. जुनीवर नवी बसली की पहिल्याच फेरीत अर्धं ऑइल रस्त्यावर जातं.

रिलीफ व्हॉल्व्ह

घरच्या हत्यारांनी करता येईल असं हे शेवटचं काम. बी-सिरीजमध्ये ब्लॉकच्या मागच्या बाजूला घुमटासारखा मोठा नट दिसतो. तो उघडला की स्प्रिंग आणि एक छोटी टोपी बाहेर येते. प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की ही टोपी उचलली जाते आणि जास्तीचं ऑइल चेंबरमध्ये परत सोडते. टोपी आणि तिची बसायची जागा यांच्यामध्ये होनिंगचा कचरा, गॅस्केट सीलरचा तुकडा, कॉटन वेस्टचा धागा असं काहीही अडकलं की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. थंड असो की गरम, प्रेशर कायम कमी. नव्या इंजिनात असं बऱ्याचदा होतं, कारण धुताना सुटलेला सगळा कचरा पहिल्या तासाभरात इथूनच जातो. रॉकेलने स्वच्छ करा, टोपीवर चरे पडलेत का बघा, स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नाही ना बघा. टोपी भोकात स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे.

स्प्रिंगमागे वायसर घालून ती कडक करण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. मला ती पसंत नाही, आणि गरम आयडलचं प्रेशर कमी असेल तर तिचा उपयोगही नाही. आयडलला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, मग बंद दार आणखी दाबून काय मिळणार? वायसरने फक्त वरची मर्यादा वाढते.

इथपर्यंत सगळं करून झालं आणि गेजचे तीन आकडे तसेच राहिले, तर घरी काम करणाऱ्यांनी थांबावं. पुढच्या कामाला मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि मोजमापाची सवय लागते. तरीही मिस्त्रीने काय करायला हवं ते कळावं म्हणून पुढचं लिहितो.

चेंबर उतरवल्यावर

ऑइल स्वच्छ पांढऱ्या कपड्यातून गाळा. तळाच्या गाळात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा. न चिकटणारी रुपेरी चमक शेलच्या वरच्या थराची असू शकते. तांबूस झाक दिसली तर शेल पार आतपर्यंत खरवडले गेलेत. चमक दिसली की प्रेशरचा शोध थांबवा, पूर्ण इंजिन परत खोलावं लागणार.

आमच्या भागाची एक खासियत म्हणजे लाल धूळ. उघड्या शेडमध्ये, रस्त्याच्या कडेला इंजिन बांधलं आणि दुपारी ट्रक गेले की ती धूळ ओल्या शेलवर बसते. शेलचा मऊ थर तिला आत ओढून घेतो आणि मग तीच क्रँकला पॉलिश पेपरसारखी घासते. मी बेअरिंग बसवतो ते मागच्या खोलीत, पंखा बंद करून. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तरी.

चेंबरला खालून पोचा असेल तर आतून जाळीशी किती अंतर उरतं ते मोजा. गावच्या वाटेवर चिऱ्याचा दगड लागून तळ वर आला, की आयडलपुरतं ऑइल ओढलं जातं, पण वेग वाढला की जाळी गुदमरते. "आयडलला ठीक, वेगात पडतं" या लक्षणाचं उत्तर बरेचदा हा पोचाच असतो. काटा थरथरत असेल तर पंपाकडे जाणाऱ्या पाइपचा जोड आणि पंप ब्लॉकला बसतो तिथली गॅस्केट तपासा. तिथून हवा शिरते.

पंप आता हातात आहेच, तर मोजून टाका. बी-सिरीजचा पंप रोटरचा आहे. दोन रोटरच्या दातांमधली फट ६ थाऊपर्यंत, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात १० थाऊपर्यंत, आणि पट्टी ठेवून वरची फट ५ थाऊपर्यंत चालते. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँकच्या कामात अजून मिलिमीटर कुणी बोलत नाही.) यापेक्षा जास्त असेल तर खुशाल पंप बदला, आणि नवा आणलात तर तोही मोजा.

बेअरिंग

सांखळीचे एक निवृत्त मास्तर, मराठी शाळेतले. त्यांच्या ॲम्बेसेडरचं इंजिन दुसरीकडे बांधलं होतं आणि वर्षभरात तीन पंप बदलून झाले होते. थंड इंजिनाला ४५, घाटातून आल्यावर आयडलला ४. मास्तर म्हणाले, "चौथा पंप टाकू नकोस रे बाबा, आधी कारण सांग."

चेंबर उतरवून बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या) शेलमध्ये प्लास्टिगेज घातला. हा मेणासारखा बारीक धागा असतो. कॅप (बेअरिंगचं झाकण) टॉर्कने कसून परत उघडली की तो किती चपटा झाला त्यावरून फट कळते. क्रँक न फिरवता कसायचं, फिरवली तर धागा फुकट. फट दीड थाऊच्या आसपास हवी होती, निघाली तीन. शेलवर मागे दहा अंडरसाइझचा (दहा थाऊ घासलेल्या क्रँकसाठीचा) शिक्का होता, म्हणजे शेल बरोबर होते. क्रँक काढून मायक्रोमीटर लावला. या इंजिनाचा बिगएंडचा स्टँडर्ड जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) १.८७५९ ते १.८७६४ इंच, दहा अंडरला तो १.८६५९ ते १.८६६४ यायला हवा. लेथवर दीड थाऊ जास्त घासला गेला होता. दीडचे तीन, म्हणजे गळती आठपट. तीन काय, तेरा पंपांनीही ती भरून निघाली नसती.

उपाय एकच: क्रँक पुढच्या साइझला, वीस अंडरला घासायची आणि वीसचे शेल घालायचे. आधी शेल विकत घ्यायचे, ते ग्राइंडिंगवाल्याच्या हातात द्यायचे आणि मगच दगड लावायला सांगायचं. क्रँक परत आली की त्याच्यासमोरच प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि आडवा-उभा मोजायचा. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक किंवा लंबगोल निघाला तर परत द्यायचा. आमचे लोक क्रँक बेळगाव-कोल्हापूरकडेही पाठवतात. कुठेही पाठवा, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन जुन्या खोड्या अजून दिसतात. शेलमागे कागद किंवा पत्र्याची चिंधी घालून फट कमी करणं, आणि कॅप कानशीने घासणं. पहिल्याने शेलची उष्णता ब्लॉकमध्ये जायची वाट अडते, दुसऱ्याने भोक गोल राहत नाही. कॅपवरचे नंबरही बघा, दोन नंबरची कॅप तीनवर गेली तरी तोच परिणाम. आणि मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये बसते तिथल्या) शेलमध्ये भोक असलेला भाग ब्लॉकच्या ऑइलच्या भोकासमोर आलाच पाहिजे. उलटा बसला तर काटा उलट छान दिसतो, कारण ऑइलची वाटच बंद झालेली असते, आणि बेअरिंग कोरडं जळतं.

ब्लॉकच्या आत

क्रँक बरोबर, पंप बरोबर, तरी प्रेशर नाही, असं झालं तर दोन जागा उरतात. एक म्हणजे कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) बुश. बांधताना सगळ्यांचं लक्ष क्रँकवर असतं, कॅम नुसता बाहेर काढून परत सरकवला जातो. बुश झिजलेले असतील तर तिथून सतत गळत राहतं. नवे बुश ठोकताना ऑइलचं भोक जुळवावं लागतं आणि सगळे एका ओळीत रीमरने काढावे लागतात. हे मीसुद्धा मशीन शॉपला देतो.

दुसरी जागा ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग. ब्लॉक धुताना ते काढतात, आणि परत बसवायला विसरतात. ही चूक मी केलीय. एका पद्मिनीचा ब्लॉक धुतला, प्लग डबीत ठेवले, मध्येच कुणीतरी अर्जंट क्लच घेऊन आला. इंजिन सुरू केलं, काटा ८ वर. दोन दिवस मी पंपाला आणि रिलीफ व्हॉल्व्हला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर एक प्लग आत तसाच. मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून गॅलरीचे प्लग मोजून फळ्यावर आकडा लिहितो.

कधी हात काढून घ्यायचा

ठोका येत असेल. मेकॅनिकल गेजवर गरम आयडलला ५ च्या खाली आणि रस्त्यावर २० च्या खाली असेल. गाळलेल्या ऑइलमध्ये चमक असेल. नव्या इंजिनात पहिल्याच वेळी स्टार्टर मारूनही प्रेशर येत नसेल. यातलं काहीही असेल तर गाडी हलवू नका आणि ज्याच्याकडे मायक्रोमीटर आहे अशा माणसाला बोलवा. "आवाजावरून सांगतो" म्हणणारा नको. इंजिन बांधणाऱ्याकडेच परत जाणार असाल तर गेजचे तीन आकडे, ऑइलचा प्रकार आणि किती किलोमीटर झाले ते लिहून न्या. नुसतं "दिवा लागतो" म्हटलं तर तो पंपच बदलून देईल.

काम झाल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन पेटवू नका. पंप बसवतानाच त्यात ऑइल किंवा पेट्रोलियम जेली भरलेली असली पाहिजे. सगळे स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये त्याला गार होऊ द्या. प्लग नसल्याने बेअरिंगवर भार येत नाही. गेजचा काटा उचलला की मगच प्लग लावून सुरू करा. पाच-सहा वेळा मारूनही काटा हलला नाही, तर तिथेच थांबा, पंपापासून परत बघा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून आत बघा.

मास्तरांच्या गाडीत बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक पत्र्याची पट्टी रिव्हेट केलीय. तिच्यावर खिळ्याने कोरलंय: क्रँक २० अंडर, ऑइल २०डब्ल्यू-५०, गरम आयडल १६, तीन हजारला ४८.